स्वॅम्पर्टला मड शॉट द्यावा की वॉटर गन?

तुम्ही विचारलंय की पोकेमॉन गो गेममधला स्वॅम्पर्ट हा पोकेमॉन एकच आहे, तर त्याचा साधा, सतत मारायचा अटॅक म्हणून मड शॉट ठेवू की वॉटर गन. आधी त्याला कुठं उतरवणार ते ठरवा ओ, उत्तर त्यावरच आहे.

ग्रेट लीगला, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी 1500 सीपीच्या (पोकेमॉनच्या ताकदीचा आकडा) आत खेळणार असाल तर डोळे झाकून मड शॉट. त्याचा मार कमी, पण ऊर्जा भराभर साठते आणि हायड्रो कॅनन हा चार्ज अटॅक, म्हणजे साठलेल्या ऊर्जेवरचा मोठा अटॅक, पटापट सुटतो. समोरच्याच्या दोन्ही शील्ड, म्हणजे चार्ज अटॅक अडवणाऱ्या ढाली, काढून घेणं हेच त्याचं खरं काम. दुसरा चार्ज अटॅक अर्थक्वेक. दुसरा अटॅक उघडायला गेममधली 10,000 स्टारडस्ट आणि 25 कँडी जातात, पण जाऊ देत. तो शील्ड उतरल्यावरच मारायचा. उडणाऱ्यांवर त्याचा काही उपयोग नाही. आणि गवत प्रकारचा पोकेमॉन समोर दिसला की स्वॅम्पर्टला लगेच बदला. पाणी आणि जमीन दोन्ही प्रकारांचा असल्यानं एका फटक्यात आडवा होतो बघा.

रेडला, म्हणजे मिळून मोठ्या बॉस पोकेमॉनशी लढताना, मात्र वॉटर गन. आपल्या बेळगावात जुलैभर झड लागलेली असते, गेममध्येही पाऊस दाखवत असला की पाण्याच्या अटॅकला 20 टक्के जोर मिळतो. गेल्या पावसाळ्यात किल्ला तलावापाशी छत्री मानेत धरून आम्ही चौघांनी अशीच रेड काढली. लीगच्या लढतीत हवामान धरत नाहीत, तिथं हा हिशेब नको.

साधा चार्ज टीएम (चार्ज अटॅक बदलून देणारी वस्तू) मात्र हायड्रो कॅननवर चुकूनही वापरू नका. माझा तसाच गेला. परत आणायला एलिट टीएम, म्हणजे हवा तो अटॅक निवडू देणारा टीएम, खर्चावा लागला.