होडीचं डिझेल इंजिन हळू चालवून टिकतं हा समज आता सोडायला हवा

हर्णैचा_दर्यावर्दी
हर्णैपासून खाली देवगडपर्यंत कुठल्याही जेटीवर जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'आम्ही इंजिन जपून चालवतो, कधी जोर देत नाही.' आणि याच होड्यांचा धूर निळसर, ऑइल दर फेरीला टॉप-अप, इंजेक्टर काळे, सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं चिकट ऑइल गळतंय. डिझेल इंजिन लोडवर चालायलाच बनवलेलं असतं. लोड नसला की सिलेंडर तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, पिस्टनच्या रिंगा मागून पुरेसा गॅसचा दाब मिळत नसल्याने लायनरला (सिलेंडरच्या आतल्या नळीला) नीट चिकटत नाहीत, मग ऑइल वर चढतं, तिथेच करपतं आणि लायनरवरच्या बारीक रेघा, ज्यात ऑइल धरून राहायला हवं, त्या लाखेसारख्या थराने बुजून जातात. न जळलेलं डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करतं ते वेगळंच.

सगळ्यात जास्त राग मला पावसाळी बंदीतल्या सवयीचा येतो. १ जून ते ३१ जुलै होडी उभी, आणि मालक आठवड्यातून एकदा येऊन दहा मिनिटं इंजिन आयडलवर (जागेवरच, लोडशिवाय) फिरवून 'चालू आहे' म्हणून समाधानाने घरी जातो. त्या दहा मिनिटांत ऑइल धड गरमही होत नाही, ज्वलनातून तयार झालेलं पाणी आतच राहतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. त्यापेक्षा अजिबात सुरू न केलेलं बरं. बंदीआधी ऑइल-फिल्टर बदला, टाकी भरून ठेवा म्हणजे आत दव धरणार नाही, आणि इंजिन झोपू द्या.

सीझनमध्ये माझं म्हणणं एवढंच, गरम झाल्यावर प्रत्येक फेरीत निदान अर्धा तास तरी इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) ८० ते ९० टक्क्यांवर चालवा.

बोटमालकीण_श्रीवर्धन
दादा, तुमचं शास्त्र ऐकलं, आता हिशोब ऐका. १२० एचपीचं इंजिन १२०० आरपीएमवर तासाला साधारण सात-आठ लिटर खातं, तेच १६०० ला सोळा-सतरा. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाला चार-साडेचार लिटर जास्त, ते दर फेरीला, आणि सीझनभराच्या फेऱ्या तुम्हीच मोजा. मच्छीमारांना सरकारकडून मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा हातात कधी पडतो ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. वरून होडी काही दुप्पट पळत नाही, लाकडी किंवा फायबरची जड होडी एका वेगाच्या पुढे फक्त पाणी ढकलते आणि लाट उभी करते. बर्फ, खलाशांचा पगार, जाळ्याची डागडुजी, त्यात हा खर्च कोणी घालायचा? ओव्हरहॉल चार वर्षांनी आला तरी चालेल, डिझेल मात्र रोज रोख द्यावं लागतं.

हर्णैचा_दर्यावर्दी
ताई, लिटरचा आकडा मान्य. पण ते सगळं वाया जात नाही, तेवढ्या वेळात तुम्ही बंदराच्या थोड्या जवळ आलेल्या असता. येताना मासळी बर्फात असते आणि लिलावाची वेळ गाठायची असते, तेव्हाच हा अर्धा तास घ्या, वेगळा काढू नका. आणि हेड उतरवून लायनर-पिस्टन-रिंगा नव्या घालायच्या तर ऐन सीझनमध्ये होडी जेटीला उभी राहते, तो तोटा पण हिशोबात धरा की.

डिझेल_मिस्त्री
मी इंजिनं खोलतो म्हणून लिहितो. मूळ पोस्टमधला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा अर्धा लोकांना खड्ड्यात घालेल. कारण आपल्या होड्यांवरची बरीच इंजिनं ही मुळात ट्रकची, मरिन केलेली म्हणजे होडीसाठी बदलून घेतलेली. ट्रक घाट चढताना जोर लावतो आणि उतारावर श्वास घेतो, होडीला उतार नसतो. १६०० वर धरलंत की तेवढा लोड सतत. त्यात पंखा (प्रोपेलर) कोणी मोठा टाकलाय, कोणी त्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) वाढवून घेतलाय 'ओढ चांगली लागते' म्हणून. अशा इंजिनाला फुल थ्रॉटल दिला तरी रेटेड (कंपनीने ठरवलेला कमाल) आरपीएम गाठतच नाही, काळा धूर सोडत १५५० ला अडकतं, म्हणजे ते आधीच ओव्हरलोड आहे. त्याला अजून अर्धा तास दामटलंत तर व्हॉल्व्ह जळतील, पिस्टनचं डोकं वितळेल, हेडला तडा जाईल. आधी चाचणी घ्या, होडी भरलेली, तळ शेवाळ-शिंपल्यांपासून साफ, थ्रॉटल पूर्ण, आणि आरपीएम रेटेडपर्यंत किंवा किंचित वर जातो का बघा. जात नसेल तर पंखा आधी, बाकी नंतर.

आणि अजून एक, लायनर एकदा खरोखर गुळगुळीत झाला की कितीही पळवा, परत येत नाही, होनिंगच (आतून घासून बारीक रेघा परत पाडणं) करावं लागतं. काजळी जळते, लाख नाही. 'एकदा दाबून चालवलं की सगळं साफ' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

ट्रॉलरवाला_मालवण
तुमचा म्हणणा पटता, पण ट्रॉलराक ह्या लागू पडणा नाय. म्हणजे असं बघा, जाळं ओढताना वेग जेमतेम तीन नॉट, पण इंजिन मरणाच्या लोडवर असतं, तासन् तास. आम्हाला अजून कशाला पळवायला सांगताय? हा सल्ला गिलनेटवाल्यांना (जाळं पाण्यात उभं सोडून थांबणाऱ्यांना) आणि पर्यटकांच्या डॉल्फिन फेरीवाल्यांना द्या, ते दिवसभर आयडलवर घोटाळत असतात.

हर्णैचा_दर्यावर्दी
बरोबर, ट्रॉलिंगवाले यातून वगळा. आणि मिस्त्रींचा पंख्याचा मुद्दा मूळ पोस्टच्या आधी वाचावा असाच आहे. पण लोक आरपीएमलाच लोड समजतात तिथे घोळ होतो. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. १८०० रेटेड असेल तर ९०० वर निम्मी नाही, आठवा भागच लागते, १२० एचपीमधली फक्त १५. १४४० वर साधारण ६१, १६०० वर ८४. म्हणजे 'निम्म्यावर चालवतो' म्हणणारा माणूस इंजिनाकडून जवळजवळ काहीच काम घेत नाहीये, आणि १६०० वर नेणारा सुद्धा इंजिनाला मारत नाहीये, ७० टक्केच मागतोय.

जहाजावरचा_सेकंड
मर्चंट नेव्हीत आहे, म्हणून उलट बाजू मांडतो. २००८ च्या मंदीनंतर मोठमोठी कंटेनर जहाजं स्लो स्टीमिंग करायला लागली, म्हणजे मुद्दाम कमी वेगाने चालायला लागली, बंकरचा (जहाजाच्या इंधनाचा) खर्च वाचावा म्हणून. तेव्हाही हीच भीती होती, की मेन इंजिनाची वाट लागणार. नाही लागली. इंजिनं वर्षानुवर्षं कमी लोडवर चालली. मग तुमचा 'लोड नसेल तर मेलं' हा नियम कुठे गेला?

पण ती फुकट नाही चालली. स्लाइड टाइपचे फ्युएल व्हॉल्व्ह (फवारणीनंतर इंधन गळू न देणारे) बसवले, एकापेक्षा जास्त टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे) असतील तर एक बंद करून बाकीच्यांना हवा पुरेशी दिली, जॅकेट वॉटरचं (सिलेंडरभोवती फिरणाऱ्या पाण्याचं) तापमान चढं ठेवलं नाहीतर सल्फरच्या ॲसिडने लायनर खाल्ला जातो, सिलेंडर ऑइलचा फीड बदलला. आणि तरीही ठरावीक अंतराने लोड वाढवून टर्बो आणि एक्झॉस्ट बॉयलरमधली काजळी उडवावी लागतेच, कारण ती साठून पेटली तर बॉयलरच्या नळ्या वितळतात. त्यामुळे कमी लोड हा गुन्हा नाही, कमी लोडवर इंजिन थंड पडू देणं हा गुन्हा आहे, असं माझं मत. तुमच्या किनाऱ्यावर तर सल्फरचा मुद्दाही सौम्य झालाय, १ एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेल १० पीपीएम सल्फरचं (दहा लाखांत दहा भाग) आहे.

बोटमालकीण_श्रीवर्धन
मग हे मला जास्त पटतं. डिझेल न जाळता इंजिन गरम ठेवता येत असेल तर तेच सांगा ना. आमच्या ड्रायव्हरने थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवलाय, म्हणतो त्याने इंजिन तापतं. तापमानाचा काटा ५५ अंशांच्या वर जात नाही आणि तो खूश असतो. परत बसवू का?

डिझेल_मिस्त्री
बसवा, उद्याच बसवा. थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे, इंजिन तापत असेल तर दोष इम्पेलरमध्ये (पाण्याच्या पंपाच्या चाकात), हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत किंवा समुद्राच्या गाळणीत शोधायचा असतो. गोडं पाणी-कूलंट वेगळं फिरत असेल तर कंपनीने दिलेला, बहुतेक ८० च्या आसपासचा. हे झालं की निम्मा धूर तसाच कमी होईल, मग अर्ध्या तासाऐवजी बंदरात शिरायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं पळवलीत तरी माझी हरकत नाही, आणि शिरताना आपोआप हळू होता तेवढ्यात टर्बो पण निवतो. फक्त एक बघून घ्या, जुन्या इंजिनात समुद्राचंच पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल तर ८० चा घालू नका, साधारण ५५ च्या वर गेलं की क्षार आतून धरायला लागतात. तिथे कमी तापमानाचाच थर्मोस्टॅट येतो. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते हीट एक्स्चेंजर आहे की नाही यावरून कळेल, फोटो टाका.