जुन्या कंपनीच्या मुख्यालयात विद्यापीठ: दुसऱ्या मजल्यावर लायब्ररी चालेल का?

पेठकर: शिवाजीनगरची एका जुन्या कंपनीची मुख्यालयाची इमारत विद्यापीठाच्या विभागासाठी घ्यायचं चाललंय. तळमजला अधिक दोन. काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या भिंती. मजल्यांना लोखंडी गर्डर आणि मध्ये विटांच्या जॅक आर्च, म्हणजे उथळ कमानी. दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये लायब्ररी करायची म्हणतात. एवढी वर्षं ऑफिस होतंच की. फ्रँकफर्टच्या आयजी फार्बेन या जुन्या रसायन कंपनीच्या मुख्यालयात तर अख्खं विद्यापीठ मावलंय.

गर्डरवाला: नका करू. आयएस ८७५ भाग २ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे ऑफिसला, कागदपत्रांची वेगळी खोली असेल तर, चौरस मीटरला साधारण २५० किलो भार धरतात. वर्गाला ३००, कॉरिडॉरला ४००. पुस्तकांच्या रॅकना मात्र २.२ मीटर उंचीपर्यंतच ६००, त्यावर प्रत्येक मीटरला आणखी २००. म्हणजे वर्ग बहुधा निभतील, रॅक नाहीत.

गर्डर मधोमध बघून पास करू नका. भिंतीत घुसलेलं टोक उघडा. ओल तिथे मुरते, गंज फुगतो आणि बाजूच्या विटा फुटतात. दोन गर्डरना जोडणाऱ्या टाय रॉडना तर हातच लावायचा नाही. एसीच्या डक्टसाठी एक आर्च फोडली की शेजारच्या आर्चचा आडवा रेटा अडवायला कोणी उरत नाही. हे ठेकेदाराला लेखी द्या, तोंडी सांगून भागत नाही.

लोड टेस्ट घ्यायचीच तर वाळूच्या गोण्यांऐवजी पाणी भरा. गोण्या एकमेकींवर टेकतात आणि भार सारखा पडत नाही. खाली थोडी फट ठेवून टेकू हवेतच.

चुनखडी: फ्रँकफर्टची तुलना इथे लागू नाही. वास्तुविशारद पोल्झिगची ती इमारत (१९२८–३०) पोलादी सांगाड्याची आहे. सहा विंग, दोन्ही बाजूंनी उजेड. छोटे वर्ग आणि प्राध्यापकांच्या खोल्यांना उत्तम. विद्यापीठ तिथे २००१ मध्ये आलं, पण मोठी व्याख्यानगृहं शेवटी त्यांनीही आवारात वेगळी बांधली.

आणि दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. ओल आत कोंडते आणि वर सांगितलेल्या त्याच गर्डरच्या टोकाशी जाते. चुनाच वापरा.

जिनेदार: जिन्याचं कुणीच बोललं नाही. एनबीसीत (राष्ट्रीय इमारत संहितेत) ऑफिसला माणशी १० चौ. मी., शिक्षणाला ४. म्हणजे ६०० चौ. मीटरच्या मजल्यावर ६० ऐवजी १५० माणसं. जिना किमान दीड मीटर रुंद लागतो. जुना सागवानी जिना तोडू नका. मागच्या बाजूला स्वतःच्या पायावर उभा राहणारा लोखंडी जिना घ्या. इमारत हेरिटेज यादीत असेल तर त्या समितीची मंजुरी आधी, अग्निशमनचे नकाशे नंतर. उलट केलंत तर नकाशे दोनदा काढावे लागतात.

पेठकर: मग त्या हॉलचं काय करू?

गर्डरवाला: वाचनकक्ष. रॅक वेगळ्या जागी असतील तर ३०० किलोत बसतं, अर्थात टोकं तपासल्यावरच. रॅक तळमजल्यावर, पण फरशीखालची भर आधी बघा. खचली तर रॅक कलतात. बाहेरच्या भिंतीपासून अर्धा फूट सोडा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच मागच्या रांगेला बुरशी.