मदत हवी आहे: गाळ्याचे लहानात लहान माप दिले, तरी रोमन पडदा भिंतीला का घासतो?

सप्रेम नमस्कार.

पुण्यात एरंडवण्यातील एका जुन्या इमारतीत आम्ही गेल्या वर्षी राहायला आलो. भिंती विटांच्या आणि जाड आहेत, खिडक्या सागवानी आहेत, आणि चौकटी बाहेरच्या अंगाला बसवलेल्या असल्यामुळे खोलीच्या बाजूने प्रत्येक खिडकीपुढे सुमारे १४ सेंमी खोल गाळा मिळतो. पडद्याचा झोळ खोलीत न येता या गाळ्याच्या आतच बसतील असे कापडी रोमन पडदे, म्हणजे मागे आडव्या कांड्या असलेले आणि दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारे पडदे, शिवून घ्यावेत असे मी ठरवले. त्यासाठी हातमागाचे ५४ इंच पन्ह्याचे निळे सुती कापड घेतले. दिवाणखान्याच्या एका खिडकीचा पडदा नमुन्यादाखल शिवून आला आहे आणि तोच मला अडचणीत टाकतो आहे.

माप मी स्वतः पोलादी टेपने मिलिमीटरमध्ये घेतले. गाळ्याची रुंदी वर ११९९, मधे ११९८ आणि खाली १२०० मिमी भरली; उंची डावीकडे १३७२ आणि उजवीकडे १३७० मिमी. तीन जागी मोजून त्यांतील सर्वांत लहान माप धरावे हे मी वाचले होते, म्हणून ११९८ धरले, त्यातून ८ मिमी वजा केले आणि ११९० मिमी रुंदीचा तयार पडदा मागितला. पडदा बरोबर ११९० मिमीचाच आला आहे, त्यामुळे शिवणाऱ्यांकडे बोट दाखवता येत नाही. तरीही तो वरून अर्धा मीटरभर नीट उतरतो आणि त्याखाली त्याची डावी कड भिंतीला घासू लागते. पंधरा दिवसांतच निळ्या कापडाच्या त्या कडेवर डिस्टेंपरची पांढरी रेघ उमटली आहे. गंमत अशी की उजव्या बाजूला मात्र खाली बोटभर फट राहते, ती वर जाता जाता नाहीशी होते, आणि सकाळी त्या फटीतून एक लांबट त्रिकोणी उन्हाचा तुकडा थेट सोफ्यावर पडतो. पडदा उजवीकडे सरकवून बसवून पाहिला, तर तो वरच्या उजव्या कोपऱ्यात अडकला.

अजून चार खिडक्या बाकी आहेत. यांपैकी एक, म्हणजे दिवाणखान्यातील दुसरी खिडकी, याच मापाची आहे. निजायच्या खोलीतल्या खिडकीच्या झडपा आत उघडतात आणि तिच्या वर जेमतेम १६ सेंमीवर माळा आहे. आणखी एक अभ्यासाच्या खोलीत आहे आणि तिची रुंदी जवळपास १५२० मिमी आहे. शेवटची स्वयंपाकघरात आहे. कापड मोजून घेतले आहे, त्यामुळे पुन्हा चूक परवडणार नाही. माझे मोजण्यात काय चुकले, पुढच्या खिडक्या कशा मोजाव्यात, आणि शिवणाऱ्यांना गाळ्याचे माप द्यावे की तयार पडद्याचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. टेपच्या टोकाचा धातूचा हुक सैल झाला आहे आणि मिलिमीटरभर मागेपुढे सरकतो. दोष त्याचा असेल का, हीही शंका आहे.

प्रतिसाद १

हुक सैल झालेला नाही, तो मुद्दामच सैल बसवलेला असतो. टेपचे टोक एखाद्या वस्तूच्या कडेला अडकवून ओढले की हुक त्याच्या स्वतःच्या जाडीइतका बाहेर येतो आणि भिंतीला टेकवून दाबले की तेवढाच आत जातो, म्हणून दोन्ही प्रकारे माप बरोबर येते. तो ठोकून घट्ट करू नका. मात्र गाळ्यात आडवे मोजताना दुसऱ्या टोकाला टेप कोपऱ्यात वाकतो आणि २-३ मिमीचा अंदाज डोळ्यांनी करावा लागतो. त्याऐवजी दोन सरळ पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन्ही टोके भिंतींना टेकेपर्यंत सरकवाव्यात, जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलीने खूण करावी, आणि मग त्या खाली उतरवून जमिनीवर मोजाव्यात. पण आपली तिन्ही मापे एकमेकांशी इतकी जुळतात की दोष टेपचा असेल असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २ (घरातच सुतारकामाचा धंदा असलेला सदस्य)

आपण दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. डावी कड खाली घासते, उजवीकडची फट खाली रुंद आहे, आणि पडदा उजवीकडे सरकवला की वर उजव्या कोपऱ्यात अडकतो. याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच दिशेला, खाली जाताना उजवीकडे, कलल्या आहेत. दोन्ही सारख्याच कलल्यामुळे त्यांच्यातील अंतर वर, मधे आणि खाली सारखेच भरते, आणि तीन जागी मोजणाऱ्याला गाळा सरळ असल्याचा भास होतो. तीन जागी मोजण्याने गाळा कुठे फुगला किंवा आवळला आहे ते कळते, तो कलला आहे की नाही ते कळत नाही. भिंत कशीही कलो, पडदा मात्र ओळंब्यातच, म्हणजे अगदी सरळ खाली, लोंबणार.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. गाळा काटकोनात असेल तर दोन्ही सारखे भरतील. आपली मापे पाहता साधारण १० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला, तर घासण्याचे कारण सापडले असे समजावे. गुण्या (काटकोन तपासण्याचे सुताराचे साधन) कोपऱ्याला लावूनही कलणे दिसते, पण गुण्याची भुजा लहान असल्यामुळे सव्वा मीटर खाली जाऊन किती फरक पडतो ते त्यावरून नेमके कळत नाही.

धागाकर्ती

आत्ताच मोजले. एक कर्ण १८३० मिमी आहे आणि दुसरा १८११. तीन वेळा मोजले, फरक १९ मिमीच येतो. हे पाहून मला पहिल्यांदा हायसे वाटले आणि नंतर राग आला, कारण एवढी साधी तपासणी मी वाचलेल्या एकाही सूचनेत नव्हती. आता याचे माप कसे काढायचे?

प्रतिसाद २

१९ मिमीच्या फरकावरून आपल्या खिडकीत सव्वा-दीड मीटरच्या उंचीत भिंत सुमारे १४ मिमी कलली आहे असे निघते. म्हणजे ओळंब्यात लोंबणाऱ्या वस्तूला मोकळी मिळणारी रुंदी ११९८ नव्हे, तर ११९८ वजा १४, म्हणजे ११८४ च्या आसपास आहे. आपला पडदा ११९० चा आहे. तो कुठेही सरकवा, कुठेतरी अडकणारच.

हिशोबावर विसंबण्यापेक्षा ओळंब्यानेच मोजून घेतलेले बरे. ओळंबा नसेल तर मजबूत दोऱ्याला एखादा जड नट किंवा कुलूप बांधले तरी चालते, फक्त पंखा बंद ठेवावा आणि दोरा पूर्ण स्थिर होऊ द्यावा. गाळ्याच्या वरच्या कडेला डावीकडे दोरा असा सोडा की भिंत जिथे सर्वांत जास्त पुढे आली आहे तिथे तो तिला जेमतेम चुकवून खाली जाईल. उजवीकडेही तसेच करा. मग दोन्ही दोऱ्यांमधले आडवे अंतर वर आणि खाली मोजा. ते दोन्हीकडे सारखे आले पाहिजे, आणि तीच आपली खरी मोकळी रुंदी. त्यातून ८ मिमी वजा केले की पडद्याची रुंदी मिळाली.

वरच्या लिंटलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईला, पाणसळही (आडवी पातळी तपासण्याचे साधन) लावून पाहावी. वरची लाकडी पट्टी लिंटलला जशीच्या तशी ठोकली आणि लिंटल तिरके असले, तर घड्याही तिरक्या चढतात. जिथे कमी आहे तिथे पट्टी आणि लिंटल यांच्यामध्ये पाचर देऊन ती पाणसळीत आणावी. उंचीच्या बाबतीत फार ताण घेऊ नये; कमीत कमी उंचीतून १० मिमी वजा करावेत, म्हणजे खालची कड कडप्प्याला टेकत नाही आणि पुसताना ओली होत नाही.

प्रतिसाद ३ (पडदे शिवण्याचा व्यवसाय असलेली सदस्या)

आपल्या तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे कोणते माप द्यावे यावर, मी लिहिते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात. गाळ्याचे माप दिले तर वजाबाकी आम्ही करतो. तयार पडद्याचे माप दिले तर वजाबाकी ग्राहकाने आधीच केलेली असते. कागदावर नुसते "रुंदी" असे लिहिलेले असले की कधी दोन्हीकडून वजा होते आणि कधी कोणीच करत नाही. म्हणून चिठ्ठीवर पूर्ण वाक्य लिहावे: "तयार पडद्याची रुंदी इतकी, यातून काहीही वजा करू नये." गाळा कललेला असेल तेव्हा तर तयार माप आपणच द्यावे, कारण शिवणाऱ्याला ते कलणे दिसत नाही.

माप मिमीमध्येच द्यावे ही दुसरी विनंती. इंच आणि सूत सांगणारे ग्राहक फोनवर "सत्तेचाळीस इंच सात सूत" म्हणतात आणि ऐकणारा ४७.७ लिहून मोकळा होतो. इंचाचे आठ सूत असतात, त्यामुळे सात सूत म्हणजे ०.८७५ इंच. या एका टिंबापायी साडेचार मिमी जातात, आणि आपल्या गाळ्यात तेवढीच जागा सुटी आहे.

कापडाबद्दल: हातमागाचे सुती कापड न भिजवता शिवले असेल तर पहिल्या धुण्यात ते आटेल. ३ टक्के जरी आटले तरी १३६० मिमीच्या पडद्याची लांबी ४० मिमीने कमी होते आणि खाली तेवढी फट पडते. उरलेले कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, सावलीत वाळवावे आणि इस्त्री करूनच मोजावे. निळा रंग सुटतो का तेही तेव्हाच कळेल.

अभ्यासाच्या १५२० मिमीच्या खिडकीला ५४ इंची पन्हा, म्हणजे १३७० मिमी, पुरणार नाही. दोन्ही कडांच्या दुमडीला मी ४०-४० मिमी धरते. जोड द्यावाच लागेल, पण तो मधोमध देऊ नये, कारण उजेडासमोर मधली शिवण काळ्या रेघेसारखी दिसते. मधे अखंड पन्हा ठेवून दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या पट्ट्या जोडाव्यात.

निजायच्या खोलीत मात्र रोमन पडदा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. झडपा आत उघडत असल्यामुळे पडदा गाळ्यात बसवता येणार नाही, आणि बाहेर भिंतीवर बसवला तर वर ओढल्यावर त्याच्या घड्यांचा गठ्ठा या उंचीला २०-२५ सेंमीचा होतो. माळ्याखाली आपल्याकडे १६ सेंमीच आहेत. उरलेला गठ्ठा झडपांच्या आड येईल आणि रोज सकाळी खिडकी उघडताना त्यावर आदळेल. तिथे दांडीवर बाजूला सरकणारे साधे पडदे लावावेत. स्वयंपाकघरात गॅसजवळ कापड नकोच.

धागाकर्ती

आपणा तिघांचे मनापासून आभार. रविवारी पंखे बंद करून, दोऱ्याला आजोबांचे पितळी कुलूप बांधून मोजले. पहिल्या खिडकीत दोन दोऱ्यांमधले अंतर ११८५ मिमी आले, म्हणजे हिशोबापेक्षा एकच मिमी जास्त. लिंटल पाणसळीत आहे. दुसऱ्या खिडकीची रुंदी वर १२०३, मधे १२०१ आणि खाली १२०२ आहे, आणि कर्ण १८२८ व १८१८. तिथेही कलणे आहे, पण उलट दिशेने, डावीकडे. दोऱ्यांमध्ये ११९३ भरले. याचा अर्थ एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांना एकच माप देऊन मी दोन्ही बिघडवणार होते.

आता दोन शंका उरल्या आहेत. शिवून आलेला ११९० चा पडदा ११७७ करता येईल का, की तो वायाच गेला? आणि मापाने बरोबर केला तरी कलण्यामुळे बाजूला फट राहणारच, तिचे काय करावे? गाळ्याबाहेर भिंतीवर मोठा पडदा लावावा, तर दोन्ही बाजूंना ७५ मिमी झाकायला १३५० मिमीचा तयार पडदा लागेल आणि कडांच्या दुमडीसह पन्हा अपुरा पडेल.

प्रतिसाद ३

वाया गेलेला नाही. डावी कड घासून खराब झालीच आहे, तर तीच उसवावी. मागच्या कांड्या त्या टोकाला १३ मिमी कापाव्यात, वरची लाकडी पट्टी आणि खालची वजनाची पट्टीही तेवढीच कापावी, आणि कड १३ मिमी जास्त आत दुमडून हाताने टाके घालावेत. पांढरी रेघ दुमडीत मागे जाईल. दोरीच्या कड्या कडेच्या अगदी जवळ असतील तर त्याही तेवढ्याच आत घ्याव्यात, नाहीतर कडा ओढल्या जातात. आणि दोरी कोणत्या बाजूला हवी ते पुढच्या चिठ्ठीवर खोलीत उभे राहून पाहिल्याप्रमाणे लिहावे. घरात लहान मूल असेल तर लोंबणारा फास राहू देऊ नये, उरलेली दोरी गुंडाळायची खुंटी त्याच्या हाताला येणार नाही इतकी उंच ठोकावी.

प्रतिसाद २

फटीसाठी भिंत फोडू नका. सागवानाची किंवा साध्या लाकडाची पाचरीसारखी निमुळती पट्टी करून घ्या, एका टोकाला १४ मिमी जाड आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर आलेली. पहिल्या खिडकीत ती डावीकडे जाड टोक वर ठेवून आणि उजवीकडे जाड टोक खाली ठेवून बसवायची. दोन्ही पट्ट्यांचे दर्शनी भाग ओळंब्यात आले की त्यांना भिंतीचाच रंग द्यावा. गाळा दिसायलाही सरळ होईल आणि पडद्याला दोन्ही बाजूंना सारखी ४ मिमी जागा राहील. दुसऱ्या खिडकीत कलणे उलट आणि निम्मे आहे, त्यामुळे तिथे ८ मिमीच्या पट्ट्या लागतील आणि जाड टोकेही उलटी येतील. पट्ट्यांच्या मागे पेन्सिलीने "पहिली डावी", "पहिली उजवी" असे आत्ताच लिहून ठेवा, रंगाऱ्याच्या हातात गेल्या की ओळखू येणार नाहीत.

धागाकर्ती

कापड रात्री बादलीत भिजत घातले होते. सकाळी पाणी फिकट निळे झाले होते. वाळल्यावर आधी मोजून खूण केलेला एक मीटर ९७२ मिमी भरला. पहिला पडदा उसवायला घेतला आहे, पण तो न भिजवलेल्या कापडाचा असल्यामुळे कांड्या काढून, भिजवून, वाळवून मगच कड दुमडते. उंचीतले साधारण ४० मिमी जातील, तेवढी पट्टी उरलेल्या कापडातून खाली जोडणार आहे. दुसऱ्या खिडकीची चिठ्ठी अशी लिहिली आहे: "तयार पडद्याची रुंदी ११८५ मिमी, उंची १३६० मिमी, दोरी उजवीकडे, यातून काहीही वजा करू नये." काही राहिले असेल तर शुक्रवारपूर्वी सांगावे, शनिवारी ती देऊन येणार आहे.