डॅनियल स्प्रोंगसारखं व्हायचं तर मुलाला कॅनडाला न्यावंच लागतं का?

आइंडहोवनची_आई

नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा आहे, इथे नेदरलँड्समधल्या एका क्लबात आइस हॉकी खेळतो. बर्फावर वेग चांगला आहे आणि पकवर ताबा वयाच्या मानाने खूप आहे असं कोच म्हणतात. परवा मॅचनंतर दुसऱ्या एका मुलाचे वडील म्हणाले, "खरंच पुढे न्यायचं असेल तर इथे थांबू नका. स्प्रोंगच्या घरच्यांसारखं करा, कॅनडा गाठा." तेव्हापासून नवऱ्याने तेच डोक्यात घेतलंय. त्याच्या कंपनीचं टोरांटोत ऑफिस आहे, बदली मागितली तर मिळेल. पण मोठ्या मुलीची शाळा इथे छान चालली आहे, आणि मला झोप लागत नाही. स्प्रोंग म्हणजे इथे जन्मून एनएचएलमध्ये, उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये, पोचलेला खेळाडू; त्याचं नेमकं काय झालं? इथेच राहून या खेळात कुणाचं करिअर झालंय का? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहा.

ब्रॅम्प्टनकर

माझा पुतण्या इथे टोरांटोजवळ खेळतो. गल्लोगल्ली रिंक आहेत, हे खरं. पण एएए म्हणजे मुलांच्या सर्वात वरच्या पातळीच्या संघात जागा मिळायची तर ट्रायआउट (निवड चाचणी) द्यावी लागते, आणि तिथे चौथ्या वर्षापासून स्केट्स घातलेली मुलं येतात. फी, स्टिक, दर वर्षी लहान होणारे स्केट्स, बाहेरगावच्या स्पर्धा, सगळा हिशोब आधी करा.

टिलबर्गचे_काका

ताई, मी टिलबर्गला राहतो. स्टॅपेगोरच्या रिंकवर मुलांच्या मॅचना घड्याळ सांभाळायला बसतो, त्यामुळे हा प्रश्न अनेक आईवडिलांकडून ऐकला आहे. जरा लांबण लागेल.

स्प्रोंग १९९७ चा, जन्म अॅमस्टरडॅमचा. तो सात वर्षांचा असताना घरच्यांनी त्याच्या हॉकीसाठी मॉन्ट्रियल गाठलं. पुढे क्यूबेकच्या ज्युनियर लीगमध्ये तो शार्लटटाउनकडून खेळला. तिथल्या दुसऱ्या सीझनला गोल आणि असिस्ट मिळून ८८ पॉइंट्स. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल संघ दर वर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात) पिट्सबर्ग पेंग्विन्सनी ४६ व्या क्रमांकावर निवडला आणि त्याच ऑक्टोबरात, अठराव्या वर्षी, तो एनएचएलमध्ये उतरला. रिंकवर भेटणारे पालक गोष्ट इथेच थांबवतात.

पुढचं ऐका. १८ मॅच, दोन गोल, आणि परत ज्युनियरमध्ये रवानगी. मग खांद्याचं ऑपरेशन. २०१८ च्या शेवटी पिट्सबर्गने त्याला अॅनाहाइमला दिला, अॅनाहाइमने २०२० मध्ये वॉशिंग्टनला, वॉशिंग्टनने २०२२ मध्ये सिअॅटलला. त्या शरद ऋतूत त्याच्या हातात करारच नव्हता. सिअॅटलच्याच कॅम्पला चाचणी देऊन त्याने जागा मिळवली आणि त्या सीझनला २१ गोल केले, तेही मॅचमागे जेमतेम बारा मिनिटं बर्फावर मिळत असताना! तरी सीझन संपल्यावर सिअॅटलने त्याला ठेवला नाही. मग डेट्रॉइट, एका वर्षासाठी, ४३ पॉइंट्स. पुढच्या एकाच सीझनमध्ये व्हँकुव्हर, सिअॅटल आणि न्यू जर्सी असे तीन संघ. २०२५ मध्ये तो मॉस्कोच्या सीएसकेएकडे गेला. बचावात कमी पडतो हा शिक्का त्याच्यावर बसला आणि पुसला गेला नाही. मला हा खेळाडू मनापासून आवडतो. इतक्या वेळा गाव बदलूनही त्याचा शॉट तसाच धारदार राहिला. पण मुलाच्या हातात लाखातला एक शॉट असला, तरी नोकरी दर वर्षी नव्याने मिळवायची असते, हे तुमच्या यजमानांनी समजून घ्यावं.

त्याच्या आधीचे हॉलंडमध्ये जन्मलेले दोघे बघा. एड केया १९४८ साली वेस्पला जन्मला, अटलांटा आणि सेंट लुईसकडून पाचशेहून जास्त एनएचएल मॅच खेळला. एडी बिअर्स झ्वागचा, कॅलगरीसाठी १९८३-८४ मध्ये ३६ गोल. दोघांची घरं पोटापाण्यासाठी गेली होती, हॉकीसाठी नव्हे. बर्फ दारात होता म्हणून पोरं खेळली. आणि शेवट दोघांचाही दुखापतीने झाला. बिअर्सची पाठ गेली. केयाचं डोकं १९८३ मध्ये खालच्या लीगच्या एका मॅचमध्ये आपटलं, मेंदूचं ऑपरेशन करावं लागलं आणि खेळ कायमचा सुटला. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, पण कागद समोर असताना ही बाजूही मांडायला हवी.

इथे राहून? रॉन बर्टेलिंग अॅमस्टरडॅमचा. देशासाठी दोनशेहून जास्त मॅच खेळला, १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकला होता. हॉलंडचा संघ आइस हॉकीत ऑलिम्पिकला गेला तो तेवढा एकदाच. सोव्हिएत संघाकडून १७-४ हरले, पण पोलंडला ५-३ हरवलं. आज इथला सुपरकप त्याच्या नावाने खेळतात.

आणि आमचे ट्रॅपर्स, म्हणजे टिलबर्गचा क्लब. २०१५ पासून जर्मनीच्या ओबरलीगात, तिथल्या तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, खेळतात. २०१६, २०१७ आणि २०१८, सलग तीनदा जिंकले. डच क्लब म्हणून नियमाने वरच्या लीगमध्ये जाता येत नाही, तरी मुलं जीव तोडून खेळतात. बरेच जण सोबत शिकतात किंवा नोकरी करतात. मी त्याला करिअरच म्हणतो.

आइंडहोवनची_आई

काका, नवऱ्याला वाचून दाखवलं. 'दर वर्षी नव्याने' यावर तो बराच वेळ गप्प होता. मग मधला मार्ग काही आहे का?

टिलबर्गचे_काका

आहे. क्रेफेल्ड तुमच्यापासून गाडीने तासाभरावर, कोलोन त्याच्या थोडं पुढे. दोन्हीकडे जर्मन क्लबांचे मुलांचे संघ चांगले आहेत. बारा-तेरा वर्षांपर्यंत इथेच खेळू द्या, उन्हाळ्यात तिकडच्या एखाद्या कॅम्पला पाठवा, तिथल्या मुलांत तो कुठे बसतो ते दिसेल. माध्यमिकला टॉपस्पोर्ट टॅलेंटस्कूल बघा, सरावाप्रमाणे वेळापत्रक जुळवून देतात. आणि गळ्याचं संरक्षक कवच घातल्याशिवाय सरावालासुद्धा बर्फावर पाठवू नका.

ब्रॅम्प्टनकर

काकांशी सहमत. तरीही यायचं ठरलंच तर एएए संघांच्या ट्रायआउट इथे वसंतात होतात. बदली उन्हाळ्यात घेतली तर मुलाचं ते वर्ष हाउस लीगमध्येच (निवड चाचणी नसलेल्या स्थानिक लीगमध्ये) जाईल, एवढं त्याला आधी सांगून ठेवा.