ढाक्यात कॅथलिक म्हणून राहणं: रोजचं कसं असतं?

निर्मळची_रीना

मिस्टरांची कंपनी त्यांना ढाक्याला पाठवतेय, कपड्यांच्या निर्यातीचं काम आहे. मी आणि मुलगी जूनमध्ये जाणार. मुलीचा प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार (फर्स्ट कम्युनियन) पुढच्या वर्षी आहे, म्हणून जास्त काळजी. सासूबाईंचा एकच धोशा: "तिकडे चर्च तरी असेल का?" गूगलवर शोधलं तर एक तर पोपसाहेबांच्या भेटीचे फोटो, नाहीतर हल्ल्यांच्या बातम्या. मधलं काहीच सापडत नाही. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) मिळते का? गळ्यात क्रॉस घालून बाजारात जाता येतं का? तिथे राहिलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.

आगाशीकर

ताई, सासूबाईंना सांगा की तेजगावचं जपमाळेच्या राणीचं चर्च १६७७ सालचं आहे. फार्मगेटला मेट्रोतून उतरलात की जवळच.

रविवार मात्र डोक्यातून काढा. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी शाळा, ऑफिसं, फॅक्टऱ्या सगळं चालू. त्यामुळे रविवारची मिस्सा पहाटे नाहीतर कामावरून सुटल्यावर, आणि बरेच लोक शुक्रवारी सकाळीच येतात. मी गारमेंट फॅक्टरीत क्वालिटी बघायचो. शिपमेंटच्या आठवड्यात रविवारी साहेबाकडे तासाभराची सवलत मागायची म्हणजे जिवावर यायचं. शुक्रवारची सवय लागायला वेळ लागला, पण लागली. नाताळची सरकारी सुट्टी असते. इस्टरला माझ्या काळात सरसकट सुट्टी नव्हती, तिथले लोक ती कित्येक वर्षं मागत होते.

आडनावं ऐकून तुम्हाला आपल्याच वसईकडच्या गावात आल्यासारखं वाटेल: गोम्स, रोझारिओ, कोस्ता, परेरा. माणसं मात्र अस्सल बंगाली, भात-मासळीवाली. आपल्यासारखंच, आडनाव बाप्तिस्म्याबरोबर आलेलं. बंगालमधल्या भूषणा या राज्याचा एक राजपुत्र मघ (अराकानी) समुद्री चाच्यांच्या हाती लागला, त्याला आगुस्तिनियन संघाच्या एका फादरांनी सोडवलं. पुढे दोम आंतोनियो दा रोझारिओ या नावानं त्यानं सतराव्या शतकात हजारो लोकांना ख्रिस्ती केलं, अशी तिथली परंपरा सांगते. ढाक्याजवळच्या नागोरीला जरूर जा. मानोएल दा असुम्पसांव या फादरांनी बंगालीचं पहिलं व्याकरण तिथे लिहिलं, ते १७४३ साली लिस्बनमध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. तिथूनच जवळ पानजोरा. सेंट अँथनीचा सण आपण जूनमध्ये करतो, तिथे तो फेब्रुवारीत होतो. शेतं कोरडी, रस्ते चालण्याजोगे, आणि माणसांचा नुसता पूर. नवस फेडायला हिंदू येतात, मुसलमानही येतात.

सतरा कोटींच्या देशात कॅथलिक साधारण चार लाख. त्यातही सगळे बंगाली नाहीत. मैमनसिंगकडचे गारो, दिनाजपूर-राजशाहीकडचे संताळ आणि उरांव, ही आदिवासी मंडळी खूप आहेत. ढाक्यात ब्यूटी पार्लरमध्ये गेलात तर केस कापणारी मुलगी बहुधा गारो निघेल, आणि तिच्याकडून तुम्हाला चर्चची सगळी खबरबात मिळेल!

एवढा छोटा समाज उभा कशावर आहे, असं मला कोणी विचारलं तर मी आधी पतपेढीचं नाव घेईन. होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाच्या फादर चार्ल्स यंग या अमेरिकन फादरांनी १९५५ मध्ये ढाक्यात ख्रिस्ती लोकांची सहकारी पतपेढी काढली. आज सगळे तिला 'ढाका क्रेडिट' म्हणतात. पोरीचं लग्न, घराचं छप्पर, परदेशी जायचं तिकीट, सगळं तिथल्या कर्जावर. माझ्या शेजारच्या कोस्ता काकू नव्या माणसाला दोनच गोष्टी विचारायच्या: कुठल्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) आणि क्रेडिटचा सभासद आहेस का. दुसरा आधार शाळा-कॉलेजांचा. होली क्रॉसच्या नोत्र दाम कॉलेजात मुलं बहुतेक मुसलमान. आमचे जनरल मॅनेजर तिथलेच. 'फादर' म्हटलं की त्यांना हजेरीचा धाक आठवायचा.

आता क्रॉस. मी घालायचो, शर्टाच्या आत. तिथले सहकारी तसंच करायचे, मीही केलं. कोणी कधी काही बोललं नाही. पण खोटा दिलासा देणार नाही. जून २००१ मध्ये बानियारचरच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना बॉम्ब फुटला, दहा जण गेले. २०१६ मध्ये वेचून हत्या झाल्या, त्यात ख्रिस्तीही होते. तेव्हापासून नाताळात दारावर पोलीस आणि बॅगांची तपासणी. लोक आत जाऊन नेहमीसारखं कीर्तन करतात, घरी पिठे करतात. पिठे म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ. कोस्ता काकूंकडे बोलावलं तर पोट रिकामं ठेवून जा.

नाना_डोंबिवली

म्हणजे पाकिस्तानचीच छोटी आवृत्ती. ईशनिंदेच्या कायद्याचं कोणी का बोलत नाही?

कर्णफुली_काठचा

नाना, एका मापानं मोजू नका. मी चट्टग्राम बंदरात होतो, ख्रिस्ती नाही, पण शेजार पाथरघाट्याच्या कॅथेड्रलचा होता. पाकिस्तानात ईशनिंदेला फाशी लिहिलेली आहे, बांगलादेशात तसं कलम नाही. इथे इंग्रजांच्या काळचं धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आहे. शिवाय १९७१. होली क्रॉसचेच फादर विल्यम इव्हान्स यांना त्या नोव्हेंबरात पाकिस्तानी सैन्यानं ढाक्याजवळच्या नवाबगंजला मारलं. तिथले ख्रिस्ती मुक्तियुद्धाबद्दल बोलतात ते घरचं दुःख म्हणून. १९८८ मध्ये इस्लाम राजधर्म झाला हेही खरं, आणि गारोंच्या जंगलजमिनींचे तंटे आहेत. ते प्रश्न धर्मापेक्षा जमिनीचे जास्त, असं माझं मत.

निर्मळची_रीना

आगाशीकर दादा, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. १६७७ ऐकून गप्प बसल्या 😄 मुलीला बंगाली येत नाही, धर्मशिक्षणाचं काय करू?

आगाशीकर

मुलं सहा महिन्यांत बंगाली बोलतात, आपलंच अडतं. इंग्रजी मिस्सेच्या मागे लागून परदेशी मंडळींतच राहू नका, तिला सरळ बंगाली वर्गात बसवा. प्रार्थनेचे शब्द संस्कृत वळणाचे आहेत, मराठी कानाला जड जात नाहीत. जाण्याआधी निर्मळच्या फादरांकडून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणि एक शिफारसपत्र घ्या, दोन्ही इंग्रजीत. जूनमध्ये पोचताय म्हणजे धो धो पाऊस, कागद प्लास्टिकमध्ये ठेवा. आणि वर्षाचे वर्ग आधीच सुरू झालेले असतील, कारण शाळा जानेवारीत उघडतात. तेव्हा पोचल्याच्या पहिल्या शुक्रवारीच पॅरिश ऑफिस गाठा.