प्रतिसाद: सगळं तिखटावर ढकलू नका

वर एका भाऊंनी लिहिलंय की आपल्या खान्देशात अ‍ॅसिडिटी अन् अल्सर शेवभाजी अन् ठेच्यामुळेच होतो, बाकी काही नाही. तसं नाही ना भो! ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलने १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर करणारा जंतू सरळ पिऊन टाकला, काही दिवसांत त्याच्या जठराला सूज आली, अन् २००५ मध्ये त्याला नि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. हा जंतू कळायच्या आधी डॉक्टर टेन्शन घेऊ नका, तिखट सोडा एवढंच पेशंटला ऐकवायचे. हा जंतू कित्येकांच्या पोटात वर्षानुवर्षं गपचूप असतो, बहुतेकांना त्रासच नाही.

दुसरा छुपा रुस्तम म्हणजे ब्रुसेला, जनावरांकडून माणसाला होणारा जंतू. ज्यांच्याकडं शेळ्या-म्हशी आहेत, कच्चं दूध पितात किंवा व्यायलेल्या जनावराचा जार हातानं काढतात, त्यांना येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर-सांधे दुखणं असं महिनोनमहिने चालू राहतं, विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) करून टायफॉईडच्या गोळ्या देतात, बरं वाटतं, परत सुरू. हा जंतू पेशींच्या आत लपतो म्हणून साधारण सहा आठवडे दोन औषधं एकत्र लागतात. डॉक्टरला घरी जनावरं आहेत हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पण ते खाली कुणी म्हणतंय ना, हार्टचं दुखणंपण इन्फेक्शनच, अँटिबायोटिक घ्या, तर ते करून झालंय. अमेरिकेत सुमारे ४००० हृदयरुग्णांना वर्षभर आठवड्याला अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, २००५ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. तेव्हा मेडिकलवाल्याकडून स्ट्रिप आणायच्या आधी टेस्ट करा.