प्रति: बोटीच्या कव्हरला एवढा दर?

घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरवरच्या १४ फुटी फायबर बोटीला कव्हर शिवायचा दर तयार ताडपत्रीच्या कितीतरी पट सांगितला, अशी वर तक्रार आहे. कव्हर शिवणारा कुशनवाला लुटतोय असं मला वाटत नाही की हो. बोट सव्वाचार मीटर लांब, पावणेदोन मीटरभर रुंद. बाजूंनी खाली सोडायचं धरलं तर ५ बाय २.५ मीटर कापड लागणारच. दीड मीटर पन्ह्याचे (म्हणजे कापडाच्या रुंदीचे) दोन पट्टे, म्हणजे १० मीटर. पण खरा पैसा मजुरीत जातो: बोटीपाशी येऊन माप, साचा, दुहेरी शिवण, इंजिनाजवळची खाच, कडेची दोरी. ताडपत्रीत यातलं काहीच नसतं.

सुती कॅनव्हास स्वस्त पडेल, पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. पीव्हीसी कोटिंगचं पॉलिस्टर पाणी अडवतं, मात्र आत वाफ कोंडते, म्हणून हवेला झडप ठेवायला सांगा. सनब्रेला ब्रँडसारखं अॅक्रिलिक कापड उन्हात रंग टिकवतं. किंमत ऐकून मात्र बसायला खुर्ची लागेल. दोरा साधा सुती असेल तर कापडाआधी शिवण जाते.

डोक्यावर सावलीचं हूड हवं असेल तर पाइपाचा खर्च वेगळा. तिथं ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा हट्ट नको, तो खाऱ्या पाण्यासाठी. घटप्रभेच्या गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं पुरतं. आणि कव्हरखाली मधोमध आडवा दांडा घाला, नाहीतर पाणी साचून कापड फाटतं. कापड, पाइप, मजुरी असा तीन भागांत दर लिहून मागा.